चपलांच्या रॅकवरचा फोन

फोन कमी करायचा असं मनावर घेतलेल्या माणसाला पहिल्यांदा लागतो तो फोनच. तो कसा कमी करावा हे शिकवणारे व्हिडिओ त्यात, किती वापरला ते मोजणारी सोय त्यात, आणि ‘आजपासून मी इथे फारशी दिसणार नाही’ हे जाहीर करायची जागाही त्यातच. 2018 साली गूगल आणि अ‍ॅपल या दोघांनीही वापराचा हिशेब दाखवणारी सोय आणली. आधी माणूस फोनला चिकटून राहील याची सगळी तजवीज करायची आणि मग तो किती वेळ चिकटला ते त्यालाच रंगीत आलेखात दाखवायचं, या व्यापारी बुद्धीचं मला खरोखर कौतुक वाटतं. महिनाअखेरीला वाण्याची वही बघून साखर कमी करायचं ठरवावं, तसा हा प्रकार. आकडा बघून हळहळ होते, चहा तेवढाच गोड होतो.

यातलं बहुतेक सगळं मी करून बसले आहे. पडदा काळा-पांढरा केला. रंग गेले की मन रमत नाही म्हणे. माझं छान रमलं. आमच्या पिढीचं बालपण कृष्णधवल दूरदर्शनसमोर गेलेलं, आम्हाला रंगांचं काय अप्रूप! मग अ‍ॅपना वेळेची मर्यादा घातली. वेळ संपली की अ‍ॅपचं चिन्ह करडं पडतं आणि आजची वेळ संपली असं फोन आपल्याला नम्रपणे सांगतो. पण ज्या बोटाने मर्यादा घातली त्याच बोटाने ती काढताही येते. स्वतःच आरोपी आणि स्वतःच जामीनदार असल्यावर दुसरं काय होणार?

परवा गॅसचा सिलिंडर आला. हल्ली तो घेताना फोनवर आलेला कोड सांगावा लागतो. लिफ्ट बंद होती, त्यामुळे माणूस तीन मजले चढून आलेला. खांद्यावरचा सिलिंडर उंबऱ्याशी टेकवून म्हणाला, “ताई, कोड सांगा.” कोड शोधायला फोन हातात घेतला, तर तिथपर्यंत पोचायच्या आधीच वर चार सूचना लटकत होत्या. सोसायटीत कुणाची तरी गाडी भलत्याच जागी लागली होती, कुठल्याशा दुकानात साड्यांवर सूट होती, आणखी काय काय. कोड सांगितला. त्याने सिलिंडर आत सरकवला, रिकामा उचलला, तो खाली गेला, टेम्पोचा फळका आपटल्याचा आवाजही आला, तरी मी उघड्या दारात उभीच. शाळेतल्या मैत्रिणीच्या अयोध्या यात्रेचे फोटो बघत. बहुतेक फोटोंत ती आणि तिचा नवरा एकाच बाजूला मान कलती करून उभे होते, आणि हे माझ्या लक्षात आलं म्हणजे मी ते फोटो किती निगुतीने बघितले असतील ते समजून घ्यावं.

यात यंत्राची लबाडी आहेच. अझा रास्किन नावाच्या तरुणाने 2006 साली पान कधी संपणारच नाही अशी रचना तयार केली. खाली सरकवत राहा, पुढचं येत राहतं. पुढे त्याने स्वतःच त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. पडदा खाली ओढून सोडला की नवं काही येतं, ही युक्ती लॉरेन ब्रिक्टर या दुसऱ्याची. नवं येईल की नाही, आलं तर काय येईल, हे माहीत नसणं हीच तिची ओढ. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाला कबुतरांवरच्या प्रयोगांत हेच दिसलं होतं. टोच मारल्यावर दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही, असं असलं की कबुतर टोचा मारतच राहतं. हे सगळं आता इतक्या वेळा सांगून झालंय की कबुतरांची ती गोष्टसुद्धा लोक फोनवरच्या व्हिडिओत बघतात, आणि ती संपली की पुढचा व्हिडिओ लागतो.

ज्यांची झोप, शाळा, नोकरी यापायी बुडते त्यांना डॉक्टरांची गरज असते. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये त्यासाठी 2014 पासून वेगळं क्लिनिक आहे. मी त्यांच्याबद्दल बोलत नाही. ज्यांची कामं वेळेवर होतात, ज्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नाही, आणि तरी रात्री अंथरुणावर पडल्यावर दिवस नक्की कुठे गेला हे ज्यांना सांगता येत नाही, अशा माझ्यासारख्यांबद्दल बोलते आहे. आमच्या या खोडीला लगेच व्यसन म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. व्यसन म्हटलं की सगळा दोष एकट्याच्या मनोबलावर येतो आणि उरलेले सुटतात.

फोनने दाखवलेला माझा हिशेब नीट बघितला तेव्हा सगळ्यात वर व्हॉट्सअ‍ॅप होतं, बाकीचं त्याच्या पुष्कळ खाली. आणि व्हॉट्सअ‍ॅप म्हणजे कोण? माहेर, सासर, सोसायटी, दहावीची बॅच, आणि मला मुद्रितशोधनाची कामं देणारे दोन-तीन प्रकाशक. तिथे कबुतराला नादी लावणारा कुणी अभियंता बसलेला नाही. तिथे आमच्या वन्सं बसल्या आहेत.

वन्सं अतिशय प्रेमळ आहेत. त्यांनी सकाळी केलेल्या रांगोळीचा फोटो येतो, दुपारी उकडीच्या मोदकांचा. तासाभरात मी काही बोलले नाही तर, “बघितलं नाहीस वाटतं अजून?” आणि बघितलंय हे त्यांना कळलेलं असतं, कारण 2014 च्या नोव्हेंबरपासून त्या दोन निळ्या खुणा आपली चहाडी करतात. त्या बंद करता येतात. मात्र मग दुसऱ्याच्याही आपल्याला दिसत नाहीत, आणि ग्रुपवर त्या चालूच राहतात. ग्रुपवर कुणाच्या निधनाची बातमी आली की जोडलेल्या हातांची रांग लागते. त्या रांगेत आपले हात नसले तर ते दिसतं. एके काळी मयताच्या घरी जायला आठवडाभर उशीर झाला तरी चालायचं. आता दुपारपर्यंत हात जोडले नाहीत तर माणूस अलिप्त ठरतो. माहेरच्या ग्रुपवर वाढदिवसाला तर आधी केकचं चित्र कोण टाकतं यावरून चुलत बहिणींमध्ये अबोला होऊन गेलाय. मी त्यात नव्हते, हे इथे नमूद करते.

तर मला फोनपासून लांब राहू देत नाही ती भीड. मोह असेल थोडाफार, पण भीड फार. भीड भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतात ते पैशांच्या बाबतीत. वेळेच्या बाबतीतही ते तितकंच खरं आहे.

ही भीड पूर्वीही होती, पण तिला आवर घालायला पैसे होते. आमच्या वाड्यात फोन एकाच घरी. बाकीच्यांनी तोच नंबर पुढे ‘पी. पी.’ लिहून नातेवाइकांना दिलेला. फोन आला की त्या घरातला मुलगा जिन्यातून हाक मारायचा, आपण ओल्या हातांनी धावायचं. माणूस नसला तर ‘ती देवळात गेली आहे’ एवढं उत्तर पुरायचं. कुठल्या देवळात, केव्हा येईल, आल्यावर उलट फोन का केला नाही, असलं कुणी विचारत नसे. एसटीडी बूथच्या काचेच्या खोक्यात लाल आकडे पुढे पळायचे, त्यामुळे ‘आता ठेवते हं’ म्हणणं कुणाला लागत नसे. रात्री दर उतरायचे म्हणून जेवणं उरकून लोक बूथवर रांग लावायचे, आणि त्या रांगेला तोंड असल्यामुळे आत बोलणाऱ्याचं बोलणं आपोआप आटोपतं व्हायचं. 1995 साली भारतात मोबाइल आला तेव्हा तर येणाऱ्या फोनलाही पैसे पडत, अगदी 2003 पर्यंत. म्हणून मिस्ड कॉल आपल्याकडे रुजला. एक वाजवून ठेवला तर पोचलो, दोनदा वाजला तर खाली ये. संपूर्ण संसार त्यावर चालवलेली जोडपी मला माहीत आहेत. मग एकेक दर उतरत गेला आणि 2016 च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर बोलणं, बघणं, पाठवणं यांना वेगळे पैसे पडतात हा विचारच डोक्यातून गेला.

तुटवडा गेला ते उत्तमच झालं. माझ्या आजीला मुंबईच्या काकाचा आवाज वर्षातून दोनदा ऐकायला मिळायचा. त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. माझी मुलगी नागपूरला शिकते, तिचा चेहरा मला रोज दिसतो. पण दुसऱ्याला कधी गाठावं, गाठल्यावर उत्तर किती घाईने मागावं, कुठली गोष्ट फोन करण्याजोगी आणि कुठली भेटीत सांगण्याजोगी, ही सगळी रीतभात तोपर्यंत पैसा आपल्या वतीने पाळत होता. आपल्याला वाटत होतं आपण सभ्य आहोत. दर उतरले आणि त्या जागी दुसरी रीत कुणी घातलीच नाही.

म्हणून सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावची गोष्ट मला मोलाची वाटते. तीन हजारांच्या आसपास वस्तीचं हे गाव. करोनात ऑनलाइन शाळेसाठी पोरांच्या हातात मोबाइल आले, शाळा उघडल्या तरी ते हातातून सुटेनात, आणि मोठ्यांच्याही संध्याकाळी मोबाइल आणि मालिकांत जात होत्या. महिलांच्या ग्रामसभेत विषय निघाला आणि 15 ऑगस्ट 2022 पासून रोज संध्याकाळी सातला भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की मोबाइल आणि टीव्ही बंद, साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत. सुरुवातीला लोक हसले. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले. पुढे त्या भोंग्याच्या बातम्या परदेशातही छापून आल्या.

ज्याने त्याने त्यात शिस्त बघितली, मुलांचा अभ्यास बघितला. मला त्यात वेगळीच सोय दिसली. सात ते साडेआठ या वेळात वडगावात कुणी कुणाला उत्तर दिलं नाही तर रागावायला कारणच नाही. प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने ‘मी आत्ता बोलणार नाही’ म्हणायचं आणि वाईटपणा घ्यायचा, याची गरज उरली नाही. भोंग्याने तो सगळ्यांच्या वतीने घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी केल्याचं वाचलं. हेतू चांगलाच असणार. पण मोठ्यांनी आपला फोन हातात ठेवून लहानांचा काढून घ्यायचा, यात मुलं फक्त मोठं व्हायची वाट बघायला शिकतील, असं मला वाटतं. वडगावात निदान बापाचाही फोन बाजूला ठेवला गेला.

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत भोंगा शक्य नाही. पार्किंगच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून आमचं एकमत होत नाही, आणि भोंग्याचा ठराव मांडायचा तर तो आधी ग्रुपवर टाकावा लागेल. त्यामुळे मी माझ्यापुरता फोन भिंतीला बांधला. दारातून आत आलं की पॅसेजमध्ये चपलांचं रॅक आहे, त्याच्यावर एक प्लग. तिथे आखूड वायर लावली. घरात असताना फोनची जागा ती. वाजला तर ऐकू येतो, जाऊन घ्यायचा. मेसेज बघायचे तर तिथेच उभं राहून बघायचे, खुर्ची न्यायची नाही. हा उपाय मनोबलाचा नाही, गुडघ्यांचा आहे. पन्नाशीच्या बाईला उभ्याने रील बघणं किती वेळ जमेल? शिवाय तिथे चपलांचा वास असतो, समोर पायपुसणं असतं, येणारा-जाणारा “जरा सरक” म्हणतो. आणि उभ्याने बघितल्यावर कळतं की आलेल्या मेसेजांतले फार थोडे आपल्याला उद्देशून होते.

सगळ्यांना सांगून टाकलं: तातडीचं असेल तर फोन करा, बाकीचं मी रात्री बघेन. प्रकाशकांना काहीच वाटलं नाही. एकाने तर फोन केला आणि आठ मेसेजांत झालं असतं ते बोलणं दोन वाक्यांत उरकलं. बॅचमधल्या मैत्रिणीने “शहाणी झालीस!” असं लिहिलं, त्यातला शहाणी कुठला ते तिलाच ठाऊक. सगळ्यात खूश झाली मावशी. तिला टाइप करायचा मनापासून कंटाळा, ती आता सरळ फोन करते आणि वाटाणे सोलता सोलता पाऊण तास बोलते. तेव्हा फोनचा वापर कमी झाला म्हणावं की वाढला? पडद्याचा कमी झाला, कानाचा वाढला. त्या पाऊण तासात मला मावशीच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूपासून तिच्या सुनेच्या नव्या नोकरीपर्यंत सगळं कळतं, आणि ते मला रॅकपाशी उभ्याने ऐकवत नाही. मावशीपुरती वायर काढून मी फोन आत नेते. नियमाला मावशीइतका अपवाद असायला हरकत नसावी.

गंमत मुलीची झाली. तिला एकदा असाच थेट फोन लावला तर घाबऱ्या आवाजात म्हणाली, “आई, काय झालं?” काही नाही, सहज, म्हटल्यावर वैतागली. “अगं, मग आधी मेसेज करून विचारायचं ना, फोन करू का म्हणून!” तिच्या पिढीत न विचारता फोन वाजवणं म्हणजे दार न ठोठावता आत शिरणं. मला मेसेजांचा तगादा उद्धट वाटतो, तिला घंटी उद्धट वाटते. रीतभातीचं म्हणतात ते हे असं आहे, घरातल्या दोन बायकांचंसुद्धा जुळत नाही. तिच्यापुरतं मी ऐकते. आधी मेसेज टाकते, “करू का?” म्हणून, आणि रॅकपाशी उभी राहते.

माझं काम मुद्रितशोधनाचं. त्यात मजकूर वाचून चालत नाही, अक्षरं वाचावी लागतात. कथेत रंगलात की वेलांटी निसटते. फोनवर आपण नेमकं उलटं वाचत असतो, शब्दांवरून घसरत, अर्थाचा वास आला की पुढे. टेक्सास विद्यापीठातल्या एड्रियन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली एक प्रयोग छापला होता. फोन टेबलावर नुसता पडून असला, वाजलाही नाही, तरी लक्ष लागायला अडचण होते. दुसऱ्या खोलीत असला तर कमी होते. नंतर तोच प्रयोग करून बघणाऱ्या सगळ्यांना तेवढा फरक दिसला नाही. मला दिसला तो डोळ्यांत. फोन पॅसेजमध्ये असताना पट्टी ठेवून एकेक ओळ खाली उतरते तेव्हा डोकं या अर्थाचं ‘शिर’ आणि नस या अर्थाची ‘शीर’ लांबूनच वेगवेगळी दिसायला लागतात, जोडाक्षराच्या माथ्यावर अडकलेला रफार सापडतो. प्रकाशकाला याचं काही पडलेलं नसतं. मला असतं.

घराबाहेर मात्र माझं काही चालत नाही. मंडईत रोख पैसे काढले तर भाजीवाली माझ्याकडे दयेने बघते, “सुट्टे नाहीत ताई, स्कॅन करा ना.” तिच्या गाडीवरचा छोटा स्पीकर दर गिऱ्हाइकाला पैसे मिळाल्याचं ओरडून सांगतो, माझ्या शंभराच्या नोटेबद्दल तो गप्प राहतो आणि तिला ते अपुरं वाटत असावं. बँकेला ओटीपी हवा, सोसायटीच्या फाटकावर पाहुण्याला आत सोडायचं तर माझ्या फोनवरून होकार हवा. वेताळ टेकडीवर मी फोन न घेता जायला लागले, तर नवऱ्याने पहिलाच प्रश्न केला, “पडलीस-बिडलीस तर?” आमचे वडील त्याच टेकडीवर आयुष्यभर फोनशिवाय चढले-उतरले. पण ते वेगळं होतं म्हणे. काय वेगळं होतं ते त्याला सांगता आलं नाही, आणि दगड तर तेच आहेत. हल्ली मी खिशात नाव आणि त्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवते. त्याचं समाधान झालं नाही, पण वाद मिटला.

आणि खरा भार त्याच्यावरच पडला आहे. जे फोन करण्याएवढं मोठं नाही आणि रात्रीपर्यंत थांबण्याएवढं लहान नाही, असं सगळं आता त्याच्या फोनवर येतं. वन्सं रांगोळीचा फोटो आपल्या भावाला पाठवतात, खाली ‘तिला दाखव’. माझी जाऊ भोंडल्याला किती वाजता निघायचं ते त्याला कळवते. सोसायटीतल्या बायकांना त्याचा नंबर कुणी दिला देव जाणे, पण परवा त्याला हळदीकुंकवाचं आमंत्रण होतं. जेवताना तो माझ्यापुढे फोन धरतो, मी “छान आहे म्हणावं” म्हणते, तो टाइप करतो. त्याच्या हिशेबाचा आलेख माझ्या पूर्वीच्या आलेखाएवढा झाला आहे.

“तुझ्या फोनमुक्तीचा ऑपरेटर झालोय मी,” असं तो आता चारचौघांतही सांगतो. मोबदल्यात त्याने रविवारची सकाळ मागितली आहे. त्याचा फोन माझ्या फोनशेजारी रॅकवर राहील, आणि त्याचे कार्यालयातले, ट्रेकवाले, त्याच्या बहिणी, सगळे मी बघायचे. मागणी रास्त आहे. अडचण एवढीच की रविवारी सकाळी पाण्याचा टँकर येतो, तो किती वाजता येणार ते ग्रुपवर पडतं आणि ज्याची पाळी असेल त्याने खाली जाऊन मोजून घ्यायचा असतो. ते कुणाच्या फोनवर बघायचं, यावर आमचं अजून ठरलेलं नाही.